तिसऱ्या भोकातला धैवत

ठाकुरद्वारच्या बाजेवाल्या दिनकररावाने माझी युक्ती चोरून मला फसविले, हे सारे गिरगाव जाणते. मीच ओरडून सांगितले आहे. पण ती युक्ती मी माहीमच्या पांडू कोळ्याकडून चोरली होती — हे मात्र आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही.

आगबोटीने येणारे, तोंडाने वाजवायचे जर्मन बाजे मी विकतो. त्यांत एक खोड आहे. खालच्या सप्तकात मध्यम नाही, धैवतही नाही. भूपातले भजन घ्यावे तर धैवताशी अडते. पंचम मात्र दोनदा — दुसऱ्या भोकातून श्वास ओढला की पंचम, तिसऱ्यात फुंकले की पुन्हा तोच. इतके बाजे विकले मी; मला का सुचू नये? पांडूला सुचले. कोयता पाजवायच्या दगडाने त्याने तिसऱ्या भोकातली, फुंकले की सूर देणारी पितळी पट्टी टोकाशी घासली, पंचम चढवून धैवत केला, आणि माझ्या दुकानात येऊन अख्खे भजन वाजवून दाखविले.

गावच्या सप्ताहात भजनाला साथ करावी, एवढीच त्याची इच्छा. भजनी मंडळाचे बुवा दुकानातच बसले होते. सुरांच्या बाबतीत ते माझा शब्द मानीत. याला घेऊ का, त्यांनी मला विचारले — आणि मी काय केले? पेटीवर पंचम धरला.

"पांडू, आता तिसऱ्यात फुंक."

जुळणार कसा? तिथे आता धैवत होता. बुवा हसले. पांडू कानाने वाजविणारा, सुरांची नावे त्याला ठाऊक नव्हती. पंचम दुसऱ्या भोकात आहे, हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही.

"शेट, तुमचा कान मोठा," तो म्हणाला. "मना तं बरा वाटला व्हता."

बाजा तिथेच ठेवून गेला.

आठवड्याभरात मी तशाच पट्ट्या घासून, माझी जुळणी म्हणून, बाजे विकू लागलो. दिनकररावाने त्यातलाच एक उघडून नक्कल केली. दहा माणसे घेऊन मी त्याच्या दारात गेलो, त्याला चोर म्हणालो — जीभ अडखळली? मुळीच नाही. पांडू आता सप्ताहात टाळसुद्धा धरीत नाही. बुवा सांगतात, त्याला सूर कळत नाही.

त्याचा सूर खरा होता. मी तो जाणूनबुजून खोटा ठरविला. त्या दिवशी माझ्यासोबत आलेल्या दहाही जणांनी आता माझ्या दुकानी यावे, आणि भर रस्त्यात मला जाब विचारावा.