आण्णाप्पांचं पंचांग

आण्णाप्पांना मी ओळखतो ते त्यांच्या ‘न्हाय’वरून. बेळगावात माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे आणि वडगावातल्या त्यांच्या यंत्रमागांच्या फर्मचं विवरणपत्र मीच भरतो. कागदावर सही करायची म्हटली तरी हा गृहस्थ आधी अमावास्या कधी आहे ते विचारणार. मागाला नवा पट्टा चढवायचा तर वार बघणार. माझं डोकं लवकर तापतं, त्यांचं कधीच तापत नाही. म्हणूनच बहुधा आमचं इतकी वर्षं जमलं.

फर्म तिघांची होती. आण्णाप्पा, भरमा आणि मारुतीराव यांनी आपापले माग एका शेडमध्ये आणून भागीदारी केली. साड्या विणल्या, कडाकडा भांडले, पण फुटले नाहीत. शेडवर सोलर बसवायचं वेड मारुतीरावांचं. “बिल भरून मराय लागलोय आन वर ऊन फुकट सांडाय लागलंय,” असं ते येता-जाता म्हणायचे. ऊन सांडतच राहिलं आणि मारुतीराव एका सकाळी छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या जागी त्यांच्या पत्नी, राजाबाई, भागीदार झाल्या. नुसत्या सहीपुरत्या नव्हे. नवऱ्याच्या मागावर त्या रोज उभ्या राहत.

पुढे सोलर घ्यायचं ठरलं, तेव्हा राजाबाईंकडे वाट्याला घालायला पैसे नव्हते. भरमा वाईट माणूस नाही, पण रोखठोक. म्हणाला, “वाटा जमत नसंल तर वैनींचा हिशोब करून त्यास्नी मोकळं करूया.” मोकळं करणं म्हणजे मारुतीरावांचा माग विकायचा आणि राजाबाईंनी दुसऱ्याच्या शेडात मजुरीला जायचं. तेव्हा मी मध्ये पडलो. सोलरवर पहिल्याच वर्षी घसाऱ्याची मोठी वजावट मिळते, आणि ती एकेका भागीदाराला नाही, फर्मला मिळते. तिच्यामुळे फर्मचा जो कर वाचेल तो राजाबाईंचा वाटा धरा, असं मी सुचवलं. तिघांनाही पटलं. त्या वर्षी नफा चांगला होता, हिशोब अगदी काठोकाठ बसत होता.

पत्र्यावर सोलर चढलं. मीटर बसला तो अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे अख्खं वडगाव गणपतीत असताना. विसर्जनाची धामधूम सरल्यावर मी फोन केला.

“आण्णाप्पा, सोलर चालू झालं?”

“बसलंय की सायेब. चालू दसऱ्याला. खंडेपूजेला नारळ फोडून झ्याक चालू करू.”

“अहो, सप्टेंबरातच उरका म्हणून घसा कोरडा केला मी!”

“उरकलं की. बिल झालंय न्हवं?”

मी कपाळावर हात मारला. कायदा बिल बघत नाही, वापर बघतो. वर्षात एकशेऐंशी दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षीची वजावट निम्मी. उरलेली बुडत नाही, पुढच्या वर्षांत थोडी थोडी मिळते, पण तोवर भरमा थांबणार नव्हता. मार्चअखेरपासून उलटं मोजलं तर मुदत होती चार ऑक्टोबर. एरवी घटस्थापनेच्या आसपास सगळं निभावलं असतं. पण त्या साली अधिक श्रावण आला आणि सगळे सण पुढे सरकले. पंचांगात अधिक महिना असतो, प्राप्तिकरात नसतो. मुदत नेमकी पितृपक्षात सापडली.

“पक्षात नवं काय चालू करत न्हाईत, सायेब,” आण्णाप्पा शांतपणे म्हणाले आणि फोन ठेवला.

मुदतीच्या आदल्या दिवशी पंचमी होती आणि पंचमीला मारुतीरावांचा म्हाळ. मलाही जेवायला बोलावलं होतं. माग बंद होते, शेजारच्या खोलीत पानं वाढली होती. वडे, खीर, आमटी. मी दोन घास खाल्ले आणि मला राहवलं नाही.

“आण्णाप्पा, तुमच्या पंचांगापायी ह्या बाईचा माग जाणार आहे. ज्याचा म्हाळ जेवताय, त्याचाच माग.”

असं जेवताना बोलायचं नसतं, पण बोललो खरा. राजाबाई आमटी वाढत होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सायेब. आण्णास्नी पेचात घालू नगा. माजं काय, कुटंबी मजुरी गावंल.”

त्यांनी रागाने म्हटलं असतं तर आण्णाप्पा ढिम्म हलले नसते. पण त्या समजुतीने बोलल्या आणि म्हाताऱ्याच्या हातातला वडा तसाच राहिला. ते उठले, हात धुतले आणि शेडकडे निघाले. आम्ही सगळे मागोमाग.

मीटरच्या पेटीपाशी भरमानं त्यांना अडवलं. “आण्णा, पक्ष हाय.”

“ठावं हाय. पक्षात काय करत न्हाईत?”

“शुभकार्य.”

“मंग ह्ये शुभकार्य न्हाईच. म्हाळाला माणसाच्या आवडीचं वाढत्यात. मारुतीला खीर कवा आवडत हुती? त्येला ह्ये आवडत हुतं.” त्यांनी वर पत्र्याकडे बोट केलं. मग वळून म्हणाले, “आन शुभकार्य न्हाय, तर वैनीस्नी मागं उभं ऱ्हायाचं कारण न्हाय. वैनी, म्होरं या. बटण तुमी दाबा.”

मी वडगावात वर्षानुवर्षं खंडेपूजा, म्हणजे दसऱ्याची मागांची पूजा, बघत आलोय. मारुतीराव गेल्यापासून राजाबाई पूजेची सगळी तयारी करत आणि पूजेच्या वेळी दाराबाहेर थांबत. त्यांना कुणी थांबा म्हणत नव्हतं आणि आत या असंही म्हणत नव्हतं.

त्या पुढे आल्या. हात पदराला पुसला. पूजेत लावतात तसा आण्णाप्पांनी त्यांच्या हाताला हात लावला. भरमा जरा घुटमळला, मग त्यानंही लावला. बटण खाली गेलं, पेटीवर हिरवा दिवा लागला. आण्णाप्पांनी मारुतीरावांचा माग सुरू केला आणि त्या खडखडाटात राजाबाई मोठ्याने रडल्या. माझेही डोळे भरून आले, लपवण्यात काही अर्थ नाही.

सवलत पूर्ण मिळाली, वाटा भरला. पण मला सांगायचंय ते दसऱ्याचं. खंडेपूजेला मी मुद्दाम गेलो. मागांना हार घातले होते, आण्णाप्पांच्या हातात नारळ होता आणि राजाबाई सवयीने दाराबाहेर उभ्या होत्या. आता तर चांगला मुहूर्त होता, पळवाट नव्हती. आण्णाप्पा नारळ हातात धरून तसेच थांबले.

“वैनी, पंचमीला म्होरं हुता न्हवं?” ते म्हणाले. “मंग आज मागं का? या आत. नारळ तंवर ऱ्हाईल.”