फ्रिजमधले दोन सेल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भाईंदर स्टेशनजवळ आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं छोटं दुकान आहे. लाइट गेली की आधी फ्यूज बघायचा, एवढंच माझं अध्यात्म. तरीही हे लिहितोय...

साल २००६ असावं. माझी धाकटी बहीण वंदना नर्स. आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका खेड्यातल्या हॉस्पिटलात ती सेवेला गेली होती. तिथे बाळांना गुंडाळायलाही कापड नसायचं. म्हणून ती सुट्टीवर आली तेव्हा आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली — आपल्याकडे बाळाला पहिलं कापड जुनं, मऊच लागतं ना! माळ्यावरून साड्या काढायचं काम माझं. टॉर्च घेऊन चढलो, शिंकलो, उतरलो. मग सवयीप्रमाणे टॉर्चमधले नवेकोरे सेल काढून फ्रिजच्या दारात ठेवले. सेल आत राहिले की गळतात, हे मी गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. रिकामा टॉर्च कुठे ठेवला, ते मात्र आठवेना. वंदना दुपट्यांचं खोकं घेऊन परत गेली आणि मी टॉर्च शोधत बायकोची बोलणी खात बसलो.

एका सकाळी वंदनाचा फोन.

"दादा, तुझा टॉर्च दुपट्यांत निघाला रे! काल संध्याकाळी एक बाळंतीण अडली होती. बाळ बाहेर आलं आणि लाइट गेली. जनरेटरला डिझेल नाही. तिचं रक्त थांबेना, मला टाके घालायला दिसेना... कापडासाठी खोक्यात हात घातला तर हा हाताला लागला. शेवटचा टाका पडेपर्यंत जळला बघ. मुलगी झालीय. दोघी छान आहेत!"

मला इतकं हायसं वाटलं! आणि मग एकदम आठवलं.

"वंदू, त्यात सेल नाहीत गं."

"चल! मग काय तुझ्या पुण्याईवर जळला?"

"उघडून बघ."

झाकण फिरवल्याचा आवाज आला.

"दादा... आत नुसती स्प्रिंग आहे रे. आणि कालपासून हा माझ्याच पर्समध्ये आहे."

मी फ्रिज उघडला. दोन्ही सेल जागच्या जागी, लिंबांशेजारी. दुकानात नेऊन दुसऱ्या टॉर्चमध्ये घातले — ढिम्म! पार संपलेले.

"गिऱ्हाइकांना हाच माल देता वाटतं?" बायको म्हणाली.

तेव्हापासून आमच्या फ्रिजच्या दारात दोन नवे सेल कायम असतात. न जाणो... तिकडे पुन्हा लाइट गेली तर!