ढोल थांबले तेवढा वेळ

पहिल्या व्हिडिओ मीटिंगमध्ये श्यामलाताईंचं तोंड कोणालाच दिसलं नाही. पाठीमागे खिडकी, तोंडावर अंधार. पडद्यावर नुसती एक काळी सावली हातवारे करत होती. त्यात घर नारायण पेठेतलं, गणपती दीड महिन्यावर आलेले आणि नदीपात्रात ढोलपथकाचा सराव ऐन रंगात.

"ताई, तुमची नऊवारी काही दिसली नाही," इंग्लंडातल्या मराठी मंडळाच्या विजयमालाताई म्हणाल्या. "ढोल मात्र छान ऐकू आले. शुक्रवारी पुन्हा बोलू, मग आम्हाला ठरवावंच लागेल."

श्यामलाताई कितीतरी वर्षं एका दुकानासाठी शिवलेल्या नऊवाऱ्या करत होत्या. शिलाई त्यांची, आत लेबल दुकानाचं. मंडळातल्या ढोल वाजवणाऱ्या बायकांची ही ऑर्डर मिळाली, तर पहिल्यांदा त्यांच्या नावाने माल जाणार होता. 'श्यामला' असं विणलेल्या लेबलांची गुंडाळी कपाटात केव्हाची वाट बघत पडली होती.

सून नीरजाचा अख्खा दिवस ऑफिसच्या मीटिंगांतच जायचा. तिने सूत्रं हातात घेतली.

"आई, तुम्ही निम्मा वेळ त्यांच्या जेवणाची चौकशी केलीत."

"मग काय, थेट धंद्याचं बोलायचं? माणसं आहेत ती."

"विचारा की. सगळ्यांना मिळून एकदा विचारा. प्रत्येकीला वेगळं नको."

मशीनवर लाडवांचा डबा, डब्याला टेकून मोबाइल आणि श्यामलाताईंचं तोंड खिडकीकडे, अशी मांडणी ठरली. नीरजा स्वयंपाकघरात बसून फोन लावायची आणि विजयमालाताई होऊन खोचक प्रश्न विचारायची.

"ढोल बांधल्यावर काष्टा सुटला तर?"

"नाही सुटत."

"कशावरून?"

या प्रश्नाला नुसत्या तोंडाने देण्यासारखं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या नदीपात्रात गेल्या. पथकप्रमुख इंद्रजीतला म्हणाल्या, "शुक्रवारी सातला जरा ढोल थांबवशील का रे?"

"काकू, आम्ही कधी तुमचं मशीन थांबवायला आलो का?"

"नाही आलास. पण चहाला थांबताच ना तुम्ही? तो शुक्रवारी सातला घ्या. चहा माझ्याकडून. आणि पथकातली एक मुलगी दे मला, ढोलासकट."

इंद्रजीत हसला. चहाला पथकाने कधी नाही म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी सात वाजता नदीपात्र शांत झालं. पडद्यावर श्यामलाताईंचा चेहरा लख्ख दिसत होता. "जेवलात का सगळ्या?" त्यांनी एकदाच विचारलं, तेव्हा स्वयंपाकघरात नीरजाने श्वास सोडला. मग नऊवारी कॅमेऱ्याला न चिकटवता त्या दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी निऱ्या, काष्टा, आतली पट्टी सावकाश दाखवली.

"सगळं छान आहे," विजयमालाताई म्हणाल्या, "पण ढोल बांधल्यावर काष्टा सुटला तर?"

"सृष्टी, ये गं."

जांभळी नऊवारी नेसलेली, कमरेला ढोल बांधलेली सृष्टी दारातून आत आली. ती खाली बसली, उठली, गिरकी घेऊन तिने उडी मारली. ना निरी हलली, ना काष्टा सुटला.

तेवढ्यात बाहेर चहा संपला आणि नदीपात्रातून पहिला ठोका आला. नीरजा खिडकी लावायला धावली. श्यामलाताईंनी हाताने तिला थांबवलं. सृष्टीने तो ठोका उचलला. फळीवरची भांडी थरथरली. पडद्यावरच्या बायका आधी दचकल्या, मग त्यातली एक समोरच्या टेबलावर ताल धरून बसली. विजयमालाताईंचे ओठ हलले, पण शब्द ऐकू येईनात. श्यामलाताईंनी हात वर केला, सृष्टी थांबली, खिडकी लागली.

"हां, आता बोला."

"मापं कधी पाठवू, ताई?"

फोन ठेवल्यावर नीरजाने लेबलांची गुंडाळी आणून मशीनवर ठेवली. सृष्टीला मात्र नऊवारी सोडवेना.

"काकू, आमच्या पथकालाही शिवाल?"

"शिवेन की. इंद्रजीतला म्हणावं, मीटिंगची वेळ घे," श्यामलाताई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "आणि खिडकीकडे तोंड करून बस."