पहिल्या पायरीशी ठेवलेले बूट

नवस म्हटलं की माझं डोकं फिरायचं. त्यातून तो दुसऱ्याने माझ्या नावाने बोललेला असेल, तर विचारायलाच नको. आमची सई इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, दिवस भरण्याआधी जन्मली आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. तेव्हा आईने नाशिकहून फोनवर सांगून टाकलं, "पोर सुखरूप घरी येऊ दे, तू वणीच्या गडाच्या पायऱ्या अनवाणी चढशील, असं देवीला बोलले आहे." मी म्हणालो, "बोलायचं तू आणि चढायचं मी?" सई घरी आली, अंगाने भरली, शाळेत जाऊन आमच्या मराठीला डचमध्ये उत्तरं द्यायला लागली. मधल्या काळात दोनदा भारतात जाऊन आलो. दोन्ही वेळा सुट्टी कमी पडली, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. आईने एकदाही विषय काढला नाही. तिचं गप्प राहणं मला टोचायचं, आणि टोचतं म्हणून तिचाच राग यायचा.

चिपची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कंपनीतल्या एका डच सहकाऱ्याने साबा बेटाचं नाव सुचवलं. कॅरिबियन समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर, राज्य मात्र नेदरलँड्सचंच. सकाळी एखादी वाट धरायची आणि दुपारी परत यायचं, एवढाच तिथला उद्योग. सपाट देशात सायकल दामटून कंटाळलेल्या नाशिककराला आणखी काय हवं! पहिले तीन दिवस बायको मेधा, सई आणि मी मजेत भटकलो. एक वाट जुन्या गंधकाच्या खाणीकडे जायची, दुसरी झाडाएवढ्या नेच्यांमधून. सई खेकडे मोजत चालायची.

चौथ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आईच्या छातीत दुखायला लागलं. आत्ता ऑपरेशनला घेतायत. तू नक्की आहेस तरी कुठे?" विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, त्याआधी बेटावरून हलायची सोय नव्हती. मी मुक्कामाच्या घराच्या अंगणात फेऱ्या मारत राहिलो. समोर माउंट सीनरी हा बेटाचा मुख्य डोंगर उभा होता. त्याच्या टोकापर्यंत दगडी पायऱ्या आहेत, हजाराच्या वर. इतके दिवस मला त्यात फक्त डोंगर दिसत होता, त्या सकाळी गड दिसला. भावाचा पुन्हा फोन येईल म्हणून मोबाइल मेधाकडे दिला आणि निघालो. ती म्हणाली, "लवकर ये रे, मला एकटीला ऐकवणार नाही."

पहिल्या पायरीशी बूट काढले, मोजे आत कोंबले आणि देवळाबाहेर ठेवतो तसे जोडीने कडेला ठेवले. परक्या देशात, ज्वालामुखीच्या पायथ्याशी! देवीला म्हणालो, "राग माझ्यावर काढ, तिला सोड." आयुष्यात पहिल्यांदा देवाशी बोललो, तेही असं भांडणाच्या सुरात.

निम्म्याच्या वर गेलो असेन. धुकं उतरलं, पायऱ्यांवर ओलं शेवाळ होतं. पाय सटकला आणि घोटा मुरगळला, तळव्यातून रक्त येऊ लागलं. उठायला गेलो तर कळ मस्तकात. पुढे जाववेना, मागेही फिरवेना. नवस अर्धाच राहिला, आता आई जाणार, हे माझ्या मनाने पक्कं धरलं. मी त्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.

किती वेळ गेला कोण जाणे. खालून काठीचा आवाज आला. धुक्यातून एक म्हातारी वर येत होती, सत्तरीच्या पुढची, डोक्याला रुमाल बांधलेली. तिच्या एका हातात माझे बूट होते.

ती तिकडचीच, वाटेलगत राहणारी. दम खात तिच्या वळणाच्या इंग्रजीत म्हणाली, "डोंगर चढताना बूट खाली ठेवून कोण जातं? असे नीट ठेवलेले पाहिले आणि वाटलं, या माणसाचं काहीतरी बिनसलंय." मी आईचं सांगितलं, नवसाचंही. तिने मान हलवली, डोक्याचा रुमाल सोडून माझा घोटा आवळला आणि म्हणाली, "पाय पुढे कर." मी पाय मागे घेतला. आईच्या वयाच्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा, पायताण चढवायचं? तिने ऐकलं नाही. नाड्या बांधता बांधता म्हणाली, "वर जाऊन काय करणार? तुझी माणसं खाली आहेत." मग काठी मला दिली आणि स्वतः माझा दंड धरून एकेक पायरी मला उतरवलं. त्या उतरण्यात मी देवीकडे काहीच मागितलं नाही. मागायचं त्राणच उरलं नव्हतं, आणि सकाळच्या फोननंतर प्रथमच बरं वाटत होतं.

मेधा फाटकातच उभी होती. ऑपरेशन नीट पार पडलं होतं.

सुजलेल्या घोट्याने लगेच नाशिकला जाता आलं नाही. आठवड्याने फोनवर आईचा आवाज ऐकला, बारीक झालेला. मी सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "पण आई, अर्ध्यातून परत आलो. तुझा नवस राहिलाच."

"कुठला राहिलाय? सईच्या बारशाआधीच चढून आले मी."

"अनवाणी? तुझे गुडघे..."

"तुला कुठली सुट्टी असते, राजा? देवीला म्हटलं, पोरगा कामात आहे, मला त्याच्या जागी धर. सांगितलं असतं तर ओरडला असतास."

ज्या मौनाचा मी राग धरून बसलो होतो, त्यात माझ्यावरचं ओझं तिने कधीच उतरवून ठेवलं होतं. ती म्हातारी नेमकी त्याच वेळी त्या वाटेने कशी आली, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला सांभाळायला माझ्या आधीच कुणीतरी निघालेलं असतं, एवढं मात्र आता मानतो.

पुढच्या सुट्टीत आईला गडावर घेऊन गेलो. डॉक्टरांची चढायची परवानगी नव्हती. तिने पहिल्या पायरीवर डोकं टेकलं आणि तिथेच बसून राहिली. मी तिच्या चपला उचलून हातात धरल्या.

"खाली ठेव रे, लोक बघतायत," ती म्हणाली.

मी ठेवल्या नाहीत.