टपावरचा हात

आमच्या हिच्या चुलत्यांइतका परोपकारी माणूस बारामतीपासून इंदापूरपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि रस्त्याला त्यांच्याइतका धोकाही दुसरा नाही. सणसरमध्ये कुणी सामानासाठी टेंपो ठरवतोय असं कानावर आलं की तात्या दुखावायचे. "आपली गाडी हाय की! टेंपो कशाला?" मग त्यांच्या जुन्या, छोट्या मोटारीच्या टपावर कपाट चढायचं, पलंग चढायचा, विहारातल्या कार्यक्रमाच्या खुर्च्या चढायच्या आणि हे सगळं एका सुतळीच्या भरवशावर निघायचं. एकदा विहिरीवरचे पाइप घालून आले. गाडीच्या पुढे हातभर, मागे दोन हात. लाल फडकं बांधलं होतं, पण पुढच्या टोकाला. मी विचारलं तर म्हणाले, "मागं बांधून मला काय दिसणार, पाव्हणं?" कपाळावर हात मारण्यापलीकडे मी काय करणार?

सुतळीपेक्षाही त्यांचा विश्वास हातावर. खिडकीतून हात बाहेर काढून टपावरचं सामान धरायचं, ही त्यांची पद्धत. गाडीत बसेल त्यानं आपल्या बाजूचा हात वर द्यायचा. यापायी काकूंनी नवऱ्याच्या गाडीत बसणं सोडलं आणि त्या एसटीनं जाऊ लागल्या. मी पट्टे आणून दिले, चांगला जाड दोर आणून दिला, अक्षरशः हातापाया पडलो. दोर त्यांनी शेळीला बांधला. आणि मी, सगळं कळत असूनही, दर वेळी निमूट हात वर काढून बसायचो. चुलतसासऱ्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही, याची आजही लाज वाटते.

अंथुर्ण्याच्या एका शिक्षिकेची बदली झाली. तिच्या दोन गाद्या घेऊन आम्ही इंदापूरला निघालो. तात्यांचा उजवा हात वर, माझा डावा. समोरून एक रिकामा ट्रक भरधाव गेला, वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या हाताखाली काहीच उरलं नाही. मागून स्कूटरवर एक बाई येत होत्या. गादी थेट त्यांच्या पुढ्यात पडली. कापसाची गादी ती, पण बाईंच्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याच्या बाकावर तात्या स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले होते. "धरलं हुतं की वो मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. धरलं तर मीही होतं.

टपावरचं कॅरिअर त्यांनी आता स्वतःच काढून टाकलंय. कुणी सामानाचं विचारायला आलं तर टेंपोवाल्याचा नंबर देतात आणि घरात जातात. त्या बाईंना तपासणीसाठी बारामतीला मात्र तेच नेतात. गेल्या खेपेला मीही बरोबर होतो. बाई मागच्या सीटवर, शेजारी त्यांचा घडी केलेला वॉकर, पट्ट्यानं गच्च आवळलेला. तरी तात्यांनी वाटेत तीनदा गाडी थांबवली, उतरून मागे गेले आणि आलेल्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. तिसऱ्यांदा बाईंनीच काच खाली घेतली.

"तात्या, चला की आता. मागं कुणी न्हाय."

तात्या हलले नाहीत. मी उतरून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांचा तो जुना रुबाब मला फार आठवला, आणि तो परत यावा असं काही माझ्यानं म्हणवेना.