आजीचं राहिलेलं मॅट

त्या सकाळी उमरीच्या आमच्या घरापुढं बायकोनं रांगोळीनं इंग्रजीत 'हॅट' काढलं, आन मी वाटी धरून उभा होतो. लातूरची नात तिला फोनवर शिकवायची, शेवटचं ए-टी तसंच ठेवायचं, पुढचं अक्षर तेवढं बदलायचं. कॅट म्हंजे मांजर, रॅट म्हंजे उंदीर, हॅट म्हंजे टोपी. मी म्हणलं, "या वयात इंग्रजी कशाला? वर देव मराठीच बोलतोय." ती म्हणली, "अवं, तुम्ही वाटी सरळ धरा. परवा नात आली की दारातच तिला मॅट दिसलं पाहिजे. मॅट म्हंजे चटई." दुपारी तिच्या छातीत कळ आली आन दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. परवा येणारी नात त्याच सांजेला रडत आली, आन आम्ही तिच्या आजीला आग देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, तर माणसांच्या पायाखाली रांगोळी पुसट झाली होती, पण अक्षरं दिसत होती. मी वाटी घेऊन खाली बसलो. भावजय दारातून वरडली, "भावजी, सुतकात रांगोळी? लोक तोंडात शेण घालतील!" मी म्हणलं, "घालू द्या, वैनी. तिचं काम राहिलंय." शाळा मी दुसरीतच सोडली, पण एम हे अक्षर गाड्यांच्या नंबरावर रोज बघतो. एच हातानं पुसला, तिथं वाकडा का होईना एम काढला, ए-टीवरून परत रेघ ओढली, आन नातीला हाक मारली, "ये बाई, आजीनं तुझ्यासाठी काय ठेवलंय ते वाच."