रहाटाचे एरंडेल

चिखलीला बाजारामागे एका जमीनदाराने बांधून दिलेला लहान दवाखाना होता. तरुणपणी मी तिथे कंपाउंडर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. घटसर्पावरचे औषध नागपूरहून मागवावे लागे आणि ते येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असे. अशी मुले मागच्या खोलीत ठेवत. त्यांना पुसणे, भरवणे, मांडीवर घेऊन बसणे, आणि शेवटी आईबापांच्या हातात देणे, हे सगळे एक विधवा बाई करी. आम्ही तिला मावशी म्हणत असू.

डॉक्टरांचा नियम होता की आईबापांसमोर आपण कोणी रडायचे नाही. नियम चुकीचा नव्हता. मावशीचे डोळे भरलेले दिसले की खोलीतला प्रत्येक बाप आपल्या मुलाकडे वळून पाही.

मावशीने त्यावर आपली वाट काढली होती. मूल गेले की ती अंगणातल्या विहिरीवर जाई आणि हौद भरलेला असला तरी पाणी ओढत राही. रहाटाला कधी तेल घातलेले नसे. तो असा करकरे की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येऊ नये. सुरुवातीला मला हे ठाऊक नव्हते. पाणी वाहून अंगणभर चिखल झालेला पाहून एकदा मी थट्टेने म्हणालो, "मावशी, हौदात म्हशी सोडायच्या आहेत का?"

"सोडा ना," ती पाठमोरीच म्हणाली. "पन हाकलून तुमीच आना, दादा."

मग ती वळली. तिचा रडून सुजलेला चेहरा पाहिल्यावर मी पुन्हा विचारले नाही.

एका थंडीत मुले फार आली. दोराने मावशीचे तळहात सोलवटले, पेजेची वाटी धरताना बोटे वळेनात. तिच्या हातांची मला कीव आली, असे मी सर्वांना सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. खलात पूड घोटताना रहाट वाजू लागला की आत काय झाले ते मला कळे, आणि ते मला ऐकवेनासे झाले होते. मी डॉक्टरांना सांगून पाण्यासाठी कावडीवाला लावला. मनुष्य हौशी होता. पहिल्याच दिवशी त्याने रहाटाला भरपूर एरंडेल पाजले.

"म्या काही गाऱ्हानं केलं होतं काय?" मावशीने विचारले.

"तुमचे हात बघा, मावशी."

"हातायले काय होते?" एवढेच म्हणून ती आत गेली.

त्यानंतर तिचे बोलणे आटले. पूर्वी ती मुलांना सारखी काहीबाही सांगे, नाकात उंदीर शिरला म्हणून हसवी. आता भिंतीकडे पाहत भरवू लागली. अमडापूरची एक मुलगी होती. आई बाळंतीण, म्हणून सोबत बापच होता. मुलगी मावशीशिवाय कोणाच्या हातून पेज घेत नसे. बाप बाहेर गेला असताना तिने मला बसक्या आवाजात विचारले, "मावशी माह्यावर कोपली काय?"

मी ओसरीत मावशीला गाठले. "तिच्याशी दोन शब्द बोला हो."

"बोलली का आतलं वर येते, दादा. वर आलं त नेऊ कुठी? पयले विहीर होती."

त्याच संध्याकाळी मी कावडीवाल्याला नको म्हणून सांगितले. सकाळी मुलीचा श्वास घरघरू लागला. हौद काठोकाठ होता. मी मावशीला म्हणालो, "हौद रिकामा आहे."

तिने माझ्याकडे पाहिले आणि ती विहिरीवर गेली. मी खल हातात धरून कान देत राहिलो. पोहरा पाण्यात पडल्याचे ऐकू आले, वर आल्याचे ऐकू आले. रहाट वाजला नाही. अंगणात इतर मुलांचे आईबाप बसले होते. मावशी एक पोहरा ओतून कोरड्या डोळ्यांनी परत आली.

दुपारी मुलगी गेली. मावशीने तिला पुसले, केस सारखे केले आणि बापाच्या हातात दिले. तो म्हणाला, "काही बोलली का हो माही लेक?"

"नाही, भाऊ," मावशी म्हणाली. तिला ठाऊक नव्हते. मुलीने काय विचारले होते ते मला ठाऊक होते. बापाला ते सांगावे की मावशीला, हे मला आज केस पिकल्यावरही ठरवता आलेले नाही.

तो गेल्यावर मी चुलीतली राख घेतली आणि रहाटाचा कणा घासू लागलो. मावशी वाटी विसळायला आली.

"काय करून राह्यले, दादा?"

"तेल काढतोय."

तिने वाकून पाहिले, बोट फिरवले. "लाकडानं पेऊन घेतलं आता ते," ती म्हणाली.

आतून दुसरे मूल खोकले. वाटी तशीच ओली घेऊन ती आत गेली. मी घासत राहिलो.